पाठीवरचं पाणी

पोळ्या लाटताना माणसाने पाठीला दप्तर लावावं की नाही, हा प्रश्न रायपूरला राहायला जाईपर्यंत मला कधी पडला नव्हता. शंकर नगरातल्या एका घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. एका संध्याकाळी किल्ली विसरले म्हणून खाली गेले, तर आमच्या घरमालकीण ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. पाठीवर निळी पिशवी, छातीवर आवळलेला पट्टा आणि उजव्या खांद्यावरून पुढे आलेली एक लवचिक नळी. लाटता लाटता त्यांनी मान वळवली, नळीचं टोक दातांत धरलं, एक घोट घेतला आणि नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं त्या नळीकडे बघितलं.

"आखूड आहे," त्या म्हणाल्या. "हात पुढं गेला का तोंडातून सुटते. सायकलच्या हँडलवर हेच होईल. उद्या परत करते."

एकसष्ट-बासष्ट वर्षांच्या, गुडघ्याला तेल चोळणाऱ्या बाईंची ही सायकलची तयारी बघता बघता मी किल्ली मागायची विसरले.

त्यांना मी पहिल्या दिवशी काकू म्हटलं होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकू कोणाची? मले ना दीर, ना पुतण्या. दीदी म्हण." सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना दीदीच म्हणत. समोरच्या घरातले सत्तरीचे गृहस्थसुद्धा गेटपाशी येऊन "दीदी, पानी आया क्या?" असं विचारायचे. मग मीही दीदीच म्हणू लागले. त्या मला "पोट्टी" म्हणायच्या. मी तिशी ओलांडलेली, नाशिकहून बदली घेऊन नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात आलेली आर्किटेक्ट. पण त्यांच्या दृष्टीने ज्याला स्वतःची किल्ली सांभाळता येत नाही ते पोट्टंच.

दीदींचं माहेर गोंदियाकडचं. वडील रेल्वेत, यजमान रेल्वेत आणि त्या स्वतःही रेल्वेत, आरक्षणाच्या खिडकीवर. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा बंगळुरूला. सगळी नोकरी खिडकीमागे गेल्यामुळे निवृत्तीनंतरही त्या जगाशी खिडकीतूनच बोलत. स्वयंपाकघराची जाळीची खिडकी व्हरांड्यात उघडायची. दूधवाला, शेजारीण, वर्गणी मागणारे, सगळ्यांनी आधी त्या खिडकीपाशी यायचं, काम सांगायचं, मग दार उघडायचं की नाही ते ठरे. दोघं एकदम बोलू लागले की "नंबरने, नंबरने." कोणी पाल्हाळ लावला की त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत, तिथे चिटपाखरू नसलं तरी, "पुढचे या." मी घराबाहेर पडताना दिसले की प्रश्न ठरलेला, "कुठून कुठपर्यंत?" नुसतं "ऑफिसला" म्हटलेलं चालत नसे. "आणि परतीचं?" तेही सांगावं लागे. सुरुवातीला मला वाटायचं, भाडेकरणीवर नजर ठेवताहेत. पुढे लक्षात आलं, माणूस कुठे जातो यापेक्षा तो परत येणार का, याची त्यांना जास्त काळजी असायची.

सायकल मुलाची होती. जाड टायरांची, पुढे स्प्रिंग असलेली, डोंगरात चालवायची सायकल. त्याने हौसेने घेतली, थोडे दिवस चालवली आणि नोकरी लागल्यावर व्हरांड्यात ठेवून गेला. दीदी रविवारी विहारातून आल्या की पांढरी साडी न बदलता आधी ती सायकल पुसायच्या. पुसता पुसता एकदा त्यांनी ती गल्लीतून हातात धरून फिरवली. "टायरं बसून जातील म्हून," असं त्या सांगत. मग टायरांसाठीच म्हणून एकदा बसून पाहिलं. लहानपणी रेल्वे क्वार्टरमध्ये वडिलांच्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून त्या शिकल्या होत्या. ते विसरलं नव्हतं. मी राहायला गेले तोवर दीदी सलवार-कमीज आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पहाटे सायकलवर निघत होत्या. मला त्यांनी वर येऊन सांगितलं, "तुह्या खुर्चीतल्या नोकरीनं तू माह्या आधी म्हातारी होशील. एक जुनी सायकल पाहून ठेवली आहे तुझ्यासाठी."

अशी मी त्यात ओढली गेले.

आमचा दिवस शनिवार. पाऱ्यातला एक भाजीवाला भैया पहाटे अभनपुरच्या बाजाराला टेम्पो घेऊन जायचा. रिकाम्या क्रेटांवर आमच्या दोन सायकली आडव्या टाकायच्या, आम्ही पुढे बसायचं आणि शहर मागे पडलं की नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर उतरायचं. तिथून नहराच्या काठाची मातीची वाट, मग आमराई, मग शेतांचे बांध आणि शेवटी मुरुमाची एक सोडून दिलेली खदान. माल घेऊन टेम्पो परत येईपर्यंत दीड-दोन तास मिळत. मी पहिल्यांदा ती खदान बघून म्हटलं, "दीदी, इथे डोंगर कुठाय? डोंगरातली सायकल सपाटीवर कशाला?"

"खदान म्हणजे उलटा पहाडच होय," दीदी म्हणाल्या. "आधी उतरायचं, मंग चढायचं. एवढाच फरक."

आणि त्या लाल मुरुमाच्या उतारावरून ब्रेक दाबत, दात आवळून खाली गेल्या.

पाण्याचा प्रश्न तिथेच उभा राहिला. सायकलच्या दांड्यावर बाटली अडकवायची सोय होती, पण खदानीत धक्का बसला की बाटली उडून पडायची. तिच्या तोंडाला मुरुम लागायचा. शिवाय प्यायला एक हात सोडावा लागे. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मम्मी, पीठ पर टाँगनेवाला हायड्रेशन बॅगपॅक मिलता है, पाइपवाला. पर आप ये सब कर क्यूँ रही हो?" दीदींनी वाक्याचा पहिला भाग ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात गेल्या.

दुकानदार चाळिशीचा, नम्र माणूस. त्याने मला बॅगा दाखवायला सुरुवात केली. मी दीदींकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "आंटी, ये राइडर लोगों के लिए है."

"तो मैं किधर की टीटी हूँ?" दीदी म्हणाल्या. "नंबर से दिखाओ. और पहले पानी भरो. खाली बैग तो सब अच्छी लगती है."

पुढचे आठ-पंधरा दिवस आमच्या घरात पिशव्यांचीच परीक्षा चालली. दुकानदाराला त्यांनी कबूल करवलं होतं की वापरून बघू, जमलं नाही तर परत. तो का कबूल झाला कोण जाणे. बहुधा त्याच्या मागे पुढचं गिऱ्हाईक उभं आहे असं त्यालाही वाटू लागलं असावं. पहिली बॅग तीन लिटरची होती. ती भरून दीदी जिना चढून माझ्याकडे आल्या आणि दारातच बसल्या. "एवढं पाणी घेऊन मी काय राजस्थानले चालली? दीड तास तर जातो आपण." दुसरी स्वस्तातली. तिच्या पाण्याला अशी चव होती की दीदी म्हणाल्या, चपलांच्या दुकानात तोंड उघडं ठेवून उभं राहिल्यासारखं वाटते. शिवाय छातीवरचा पट्टा शिवून एका जागी पक्का केलेला, आणि ती जागा कुठल्याच बाईच्या सोयीची नव्हती. "हे बापे लोकांनी घरी बायकोले न विचारता बनवलं," हा त्यांचा शेरा. तिसरी पोळ्या लाटतानाची, आखूड नळीची. ती घालून त्या गोल बाजारात भर गर्दीत भांड्यांच्या गल्लीतून फिरूनही आल्या, धक्के बसल्यावर गळते का ते बघायला. गळाली नाही, पण पाठीला चिकटून ब्लाउज भिजला. तीही गेली.

चौथी राहिली. दीड लिटरची, पाठीशी जाळी असलेली, म्हणजे मधून वारा खेळेल. छातीचा पट्टा वर-खाली सरकणारा. नळी लांब. पंक्चरचं सामान आणि एक केळं मावेल एवढा कप्पा. आणि मुख्य म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशवीचं तोंड एवढं मोठं की दीदींचा बांगड्यांसकट हात आत जायचा. "जिच्यात हात जात नाही ते भांडं मी घेत नाही," त्या म्हणाल्या. रोज धुऊन, आतून वाळावी म्हणून पिशवीच्या तोंडात स्वयंपाकाचा चिमटा फाकवून त्या ती दोरीवर उलटी टांगत. दोन साड्यांच्या मधे लोंबणारी ती पारदर्शक पिशवी बघून नव्या कामवालीने घरात कोणी आजारी आहे का, असं मला हळूच विचारलं होतं.

नहराकाठच्या लोकांचा गैरसमज वेगळाच. पाठीला टाकी, टाकीला नळी, म्हणजे फवारणीचा पंप! बांधावरून एका म्हाताऱ्याने हाक मारली, "दीदी, का दवई डारत हव?" दीदी थांबल्या, नळी तोंडात धरल्यासारखी केली आणि अंगठा वर केला. म्हातारा औषध पिणारी बाई बघून उठूनच उभा राहिला.

हे सगळं गमतीचं होतं, म्हणून एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर असून बरेच दिवस लक्षात आली नाही. घरी परतल्यावर दीदी त्या पिशवीतलं पाणी गेटजवळच्या मोगऱ्याला घालायच्या. दर शनिवारी. आणि मोगऱ्याचं आळं दर शनिवारी काठोकाठ भरायचं. मला वाटायचं, त्या जास्तीचं पाणी नेतात.

दीदींना मुतखड्याचा त्रास होता. एकदा ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की भरपूर पाणी प्या, नाहीतर पुन्हा होईल. मुलाचा रोज फोन यायचा, "मम्मी, पानी पिया?" आणि दुसरं वाक्य, "इधर आ जाओ मेरे पास." होळीच्या आसपास त्यांची कंबर पुन्हा दुखू लागली. सोनोग्राफीत एक बारका खडा दिसला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने पाण्यावर बघू, वाढला तर मग काढू. मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला, खडा वाढला तर घर बंद करून बंगळुरू. दीदींनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "तिथं चौदाव्या मजल्यावर राहतो तो. खिडकीतून कोणाशी बोलू? घारीशी?"

त्या हसल्या, पण त्या संध्याकाळी त्यांनी व्हरांड्यातला दिवा लावला नाही.

उन्हं तापू लागली होती. एका शनिवारी आम्ही निघालो तेव्हाच उशीर झाला होता. खदानीतून वर आल्यावर दीदी उतरल्या आणि सायकल धरूनच हळूहळू खाली बसल्या. चेहरा पांढराफटक. मी हाका मारल्या तर ओठ हलले, आवाज नाही. मी त्यांना कडेच्या बाभळीच्या सावलीत टेकवलं आणि पाठीवरची पिशवी सोडवली. ती हातात जड लागली. घरून निघताना होती तितकीच जड. त्यातला एक घोटही कमी झाला नव्हता.

मी नळी त्यांच्या ओठांना लावली. दीदींनी ओठ घट्ट मिटून घेतले. शुद्ध धड नव्हती, तरी मान फिरवली.

"दीदी, प्या!"

"नको," त्या पुटपुटल्या. "मंग जाऊ कुठं? इथं कुठं जाईन मी?"

मला क्षणभर कळलं नाही. आणि मग एकदम सगळं कळलं. मोगऱ्याचं आळंसुद्धा.

खदानीच्या तोंडाशी एक घर होतं. तिथली बाई शेळ्या सोडायला बाहेर आली होती, ती आम्हाला बघून धावत आली. आम्ही दोघींनी दीदींना धरून तिच्या ओसरीवर नेलं. तिने ओला पदर त्यांच्या कपाळावर ठेवला. मी तिला आडून-आडून विचारलं, घरात सोय आहे का. ती दीदींच्या कानाशी वाकून म्हणाली, "लजाथस काबर ओ दीदी? मोर घर मा नवा बने हे. कडी घलो हे." लाजतेस कशाला, माझ्याकडे नवं बांधलंय, आतून कडीसुद्धा आहे.

'कडी' हा शब्द दीदींना बरोबर पोचला. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं. "खरंच हे?"

"हव, हे न."

मग त्यांनी माझ्या हातातली नळी स्वतः घेतली आणि प्यायल्या. थांबून, श्वास घेऊन, पुन्हा प्यायल्या. पिशवी अर्ध्यावर आली तशी त्यांच्या गालांवर रंग आला. टेम्पोवाल्या भैयाला मी फोन करून घरापाशीच यायला सांगितलं. तो येईपर्यंत आम्ही ओसरीवर बाजेवर बसलो होतो. दीदी नहराकडे बघत बोलायला लागल्या. तक्रारीच्या सुरात नाही, गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं.

"खिडकीवर बसली का उठता येत नव्हतं. उठायचं म्हणजे पाटी लावायची. पाटी लावली का रांगेतले लोक जाळीवर हात आपटत. आणि बायकांचं तिकडं प्लॅटफॉर्मच्या टोकाले. जाऊन येऊन हिशेबाले उशीर. म्हून मी पीतच नव्हती. सकाळी अर्धा कप चहा, मंग घरी आल्यावर पाणी. पोट्ट्याच्या वेळेस पोट एवढं होतं तरी तसंच. कोणी मले पिऊ नको म्हटलं नव्हतं बरं. मीच ठरवलं होतं." जरा थांबून म्हणाल्या, "आता घरी मी घागरभर पिते. पण दाराच्या बाहेर पाऊल टाकलं का घसाच बंद होते. मी काही करत नाही, आपोआप होते."

"मग ही पिशवी कशाला घेतली?"

"मले वाटलं, तोंडाजवळ असली तर पिईन." त्यांनी नळीचं टोक ओढणीने पुसलं. "चार पिशव्या बदलल्या. मले वाटे, पिशवीच बरोबर नाही."

माझ्या ऑफिसातही आम्ही बायका दुपारी पाणी मोजूनच प्यायचो. नव्या कोऱ्या इमारतीत, आर्किटेक्ट मी असूनही.

मला वाटलं, आता सायकल संपली. पुढच्या शनिवारी मी झोपूनच राहिले होते, तर दार वाजलं. दीदी बूट घालून उभ्या. त्या दिवशी आम्ही खदानीत उतरलोच नाही. दीदी वाटेवरच्या घरांच्या दारांशी सायकल थांबवून बायकांशी बोलत सुटल्या. आधी शेळ्यांची चौकशी, मग लेकरांची, मग सरळ मुद्दा. एका घरात सोय होती पण त्यात गोवऱ्या रचलेल्या. त्या घरच्या सुनेला दीदींनी खास खिडकीवरच्या आवाजात सांगितलं, "गोवऱ्या बाहेर, बाई अंदर. नंबर से." ती सून इतकी हसली की तिने त्याच दिवशी जागा मोकळी केली. नहराच्या पुलाजवळ एक, आमराईपाशी एक आणि खदानीपाशी आमची पहिली मैत्रीण, असे तीन थांबे ठरले. दीदी त्यांच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू न्यायच्या, परत येताना पाठीच्या कप्प्यात हिरव्या मिरच्या नाहीतर आंबाडीची जुडी यायची.

आणि दीदी पिऊ लागल्या. सुरुवातीला थांबा दिसल्यावरच. मग थांबा जवळ आलाय एवढ्यावर. मग चालत्या सायकलवर, मधेच कुठेतरी. त्यांच्या मागे चालवताना मला नळीचा तो चोखल्यासारखा आवाज ऐकू यायचा, आणि मीही माझी बाटली काढायचे. मोगऱ्याला मी वेगळं पाणी घालू लागले.

जूनच्या सुरुवातीला मुलगा आला. उंच, गोड स्वभावाचा, आईशी मराठी समजून हिंदीत बोलणारा. आईला घेऊन जायचं मनाशी पक्कं करूनच आला होता. सायकल विकायला म्हणून त्याने येण्याआधीच कोणाशी तरी बोलणी केली होती. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. खडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, जे काही करताय तेच करत राहा. मुलाने घरी येऊन विचारलं, "मम्मी, आप कर क्या रही हो?"

"उद्या शनिवार आहे. चाल, पाहून घे," दीदी म्हणाल्या.

त्याला त्यांनी त्याचीच सायकल दिली आणि स्वतः माझी घेतली. मी टेम्पोतून पुढे जाऊन खदानीजवळच्या मैत्रिणीच्या ओसरीवर चहा पीत बसले. बऱ्याच वेळाने खदानीच्या काठावर आधी दीदी दिसल्या, मग बऱ्याच मागून तो. घामाने निथळलेला, सायकल हातात धरून. दीदी थांबल्या. त्याने काहीतरी विचारलं. दीदींनी नळीचं टोक ओढणीने पुसून त्याच्यापुढे धरलं. तो साडेसहा फुटी माणूस आईच्या खांद्याशी वाकला आणि कितीतरी वेळ पीत राहिला. माझी मैत्रीण म्हणाली, "लइका हरे का?" मी म्हटलं, हव, मुलगाच.

मैत्रिणीच्या घराशी आल्यावर दीदी सायकल भिंतीला टेकवून, कोणाला काही न विचारता, थेट मागच्या अंगणात गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मुलाने त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला थोडक्यात सांगितलं. खिडकीचं, पाटीचं, तो पोटात असतानाचंही. तो चहाचा कप हातात तसाच धरून बसला.

संध्याकाळी सायकल बघायला गिऱ्हाईक आलं, त्याला मुलाने गेटवरूनच नाही म्हणून सांगितलं. नंतर तो व्हरांड्यात हत्यारांचा डबा घेऊन बसला. ती सायकल त्याच्या उंचीची होती. इतके दिवस दीदी दगडावर नाहीतर पायरीवर पाय ठेवून तिच्यावर चढत होत्या, आणि उतरताना उडी मारत होत्या. मी सीट खाली करू का म्हटलं तर म्हणायच्या, "राहू दे. तो आला का त्याले लागंल." आता त्यानेच स्क्रू सैल केला, सीट दाबून खाली नेली, पुन्हा आवळली. "मम्मी, बैठ के देखो." दीदी बसल्या. दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकले. त्यांनी एकदा खाली पायांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"थोडी अजून खाली कर," त्या म्हणाल्या.